उसाचा मळा, लिव्हरपूलचा मालक: डेमेरारातलं एक प्रकरण

४ जानेवारी १८३६ रोजी जॉन ग्लॅडस्टन या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट आणि कंपनीला एक पत्र लिहिलं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आज ज्याला गयाना म्हणतात तिथल्या डेमेरारा भागात, त्याचे उसाचे मळे होते. मळ्यांवरचे गुलाम कायद्यानं सुटण्याच्या वाटेवर होते आणि सुटल्यावर ते कामावर टिकतील याची त्याला खात्री नव्हती. कलकत्त्याहून मॉरिशसला मजूर जातात हे त्याच्या कानावर आलं होतं. तसेच शंभरेक तरुण, धडधाकट मजूर पाच ते सात वर्षांच्या करारानं आपल्याला मिळतील का, अशी ही चौकशी.

या पत्राचा नेहमीचा अर्थ असा लावतात: गुलामगिरी संपली, मळ्यांना मजूर मिळेनात, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आणावे लागले. मला ही मांडणी पटत नाही. ब्रिटिश गयानात त्या वेळी ऐंशी हजारांच्या वर माणसं गुलामीतून सुटत होती, आणि ऊस कसा लावायचा, कसा तोडायचा, साखर कशी पाडायची हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. ग्लॅडस्टनला हात कमी पडणार नव्हते. 'नाही' म्हणू न शकणारी माणसं कमी पडणार होती. असा मजूर त्याच्या मळ्याला का लागत होता हे समजायला आधी तिथली जमीन पाहावी लागते.

समुद्राच्या खाली शेती

डेमेराराचा किनारा म्हणजे निव्वळ चिखल. भरतीला समुद्राची पातळी शेताच्या वर जाते, आणि पाठीमागे पावसाच्या पाण्यानं भरलेली दलदल उभी असते. या दोन पाण्यांच्या मधे पीक घ्यायचं तर पुढे समुद्राचा बांध, मागे दलदलीचा बांध आणि दोन्ही अंगांना आणखी बांध घालावे लागतात. डचांनी ही रचना तिथे नेली. प्रत्येक मळा म्हणजे किनाऱ्यापासून आत गेलेली एक लांब, अरुंद पट्टी. ओहोटी लागली की दरवाजा उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी तो बंद करायचा. कोकणातल्या खारजमिनीचा बांध आणि उघाडी, किंवा गोव्यातलं खाजन आणि त्याची मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच डोळ्यांसमोर येईल. फरक असा की खाजनात भात होतं आणि बांध राखणारे गावकरीच त्या भाताचे धनी असतात.

डेमेरारात आकडे वेगळ्याच मापाचे होते. साखर उद्योगाची चौकशी करणाऱ्या १९४९ च्या व्हेन आयोगानं हिशेब मांडला तो असा: एक चौरस मैल उसासाठी ४९ मैल निचऱ्याचे चर आणि कालवे, शिवाय वाहतुकीचे आणि सिंचनाचे १६ मैल उंच कालवे. हे मूळ खोदकाम करताना गुलामांनी फावड्यांनी किमान दहा कोटी टन ओली, जड चिकणमाती उपसली. आणि हे काम एकदा करून संपत नाही. चर दरवर्षी गाळानं भरतात, बांध खचतात. पीक नसलं तरी माणसं लागतातच.

१८०० च्या आसपास या किनाऱ्यावर कापूस आणि कॉफी बरीच होती. मग भाव साखरेच्या बाजूनं झुकले. साखरेला माणसं जास्त लागतात आणि ती वेळेवर लागतात. तोडलेला ऊस दिवसभरात चरकाखाली गेला नाही तर रस आंबायला लागतो, उतारा घसरतो. सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. गाळप सुरू झालं की चुलाणं रात्रीही विझत नसत. दिवसभर उसात राबलेल्या माणसांना पाळीनं रात्री कढयांजवळ उभं राहावं लागे. उकळत्या रसानं भाजणं आणि चरकात हात सापडणं हे या कामातले नेहमीचे धोके.

त्यातच १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेनं आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार बंद केला. म्हणजे मालकाला साखरेसाठी अधिक माणसं हवी होती, आणि नवी माणसं बाहेरून येणं थांबलं होतं. डेमेरारातल्या मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होत. अशा हिशेबात एकच वाट उरते: आहेत त्यांच्याकडूनच जास्त काढायचं.

न पाहिलेला मळा

ग्लॅडस्टनचा पैसा धान्य, कापूस आणि पूर्वेकडच्या व्यापारातून आला. डेमेरारातल्या 'सक्सेस' या मळ्यात तो १८१२ च्या सुमारास आधी अर्ध्या वाट्यानं शिरला आणि काही वर्षांत पूर्ण मालक झाला. पुढे त्यानं डेमेरारा नदीच्या पश्चिम तीरावरचा 'व्रीड-एन-हूप' आणि आणखी काही मळे घेतले. यांपैकी एकावरही त्यानं आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही.

कारभार फ्रेडरिक कॉर्ट नावाच्या मुखत्याराकडे होता. कॉर्ट लिहायचा की गुलाम सुखात आहेत, खाऊनपिऊन समाधानी आहेत, काम बेताचं आहे. ग्लॅडस्टन ते खरं मानायचा आणि इंग्लंडात वर्तमानपत्रांतून तेच ठासून सांगायचा. १८२८-२९ मध्ये त्याचा मुलगा रॉबर्टसन तिथे जाऊन आला, तेव्हा कळलं की कॉर्ट आळशी आणि फसवा आहे, मळ्यामागून मळा त्यानं बिघडवला आहे. कॉर्टला काढलं. पण गुलामांची स्थिती चांगलीच आहे, हा ग्रह मुलानंही घरी आणला.

इथे मालकाला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला तो सोयीनं आंधळा वाटतो. लिव्हरपूलला पोचणारे कागद म्हणजे किती पिंपं साखर, किती रम, किती मळी, बाजारात काय भाव. माणसं त्या कागदांवर मालमत्तेच्या यादीत येत आणि मेली की वजा होत. कॉर्टनं साखरेचे आकडे चुकवले म्हणून त्याची नोकरी गेली. माणसांबद्दल तो खोटं लिहीत होता तोवर त्याला कुणी हटकलं नव्हतं.

१८ ऑगस्ट १८२३

ते खोटं खरं तर आधीच उघडं पडायला हवं होतं, आणि तेही सक्सेसवरच.

१८२३ च्या मे महिन्यात थॉमस फॉवेल बक्स्टन या गुलामगिरीविरोधी खासदारानं संसदेत गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा ठराव मांडला. सरकारनं तो मवाळ करून वसाहतींना सुधारणांची सूचना पाठवली: शेतावर चाबूक वापरू नये, बायकांना फटके मारू नयेत. डेमेराराचा गव्हर्नर जॉन मरे स्वतः मळेवाला. त्यानं आणि त्याच्या मंडळानं ही बातमी दाबून ठेवली. पण गव्हर्नरच्या घरात नोकरही गुलामच होते आणि त्यांना कान होते. बातमी किनाऱ्यावर पोचली ती अशी की राजानं सुटका दिली आहे आणि मालक ती लपवतायत.

सक्सेसवर क्वामिना नावाचा सुतार होता. शेजारच्या ल रेझूव्हनिर मळ्यावरच्या बेथेल चॅपेलमध्ये तो डीकन, म्हणजे पाद्र्याला मदत करणारा सेवक, होता. तिथला पाद्री जॉन स्मिथ लंडन मिशनरी सोसायटीचा. क्वामिनाचा मुलगा जॅक मळ्यावर पिंपं बनवायचा. प्रथेप्रमाणे त्याच्या नावामागे मालकाचं आडनाव लागलं होतं: जॅक ग्लॅडस्टन. उठावाची आखणी जॅकची. क्वामिना रक्तपाताच्या विरुद्ध होता. हत्यार उचलण्याऐवजी काम थांबवा, असं त्याचं म्हणणं होतं.

सोमवारी, १८ ऑगस्टच्या संध्याकाळी उठाव सुरू झाला आणि साठेक मळ्यांवर पसरला. दहा ते बारा हजार माणसं त्यात होती. त्यांनी व्यवस्थापकांना धरलं आणि गुलामांसाठी ठेवलेल्या खोड्यांतच अडकवलं. बदला घ्यायची एवढी संधी हातात असूनही गोरे मेले दोन-तीन. लष्करापुढे त्यांनी जे मागितलं त्यात पूर्ण सुटका होती, आणि काहींचं मागणं तर इतकंच की रविवार सोडून आठवड्याचे तीन दिवस आम्हाला आमच्यासाठी द्या. बॅचलर्स अ‍ॅडव्हेंचर मळ्यावर लेफ्टनंट कर्नल लेहीच्या तुकडीनं जमावावर गोळ्या चालवल्या. उठाव चिरडला तोवर शेकड्यांनी गुलाम मारले गेले होते. नंतर खटले झाले, फाशी झाली. क्वामिनाला १६ सप्टेंबरला गोळी घालून मारलं आणि त्याचं प्रेत सक्सेससमोर साखळ्यांनी टांगून ठेवलं. जॅकला सेंट लुसियाला हद्दपार केलं. पाद्री स्मिथला लष्करी न्यायालयानं मृत्युदंड दिला; राजाची माफी पोचण्याआधी फेब्रुवारी १८२४ मध्ये तो तुरुंगातच क्षयानं गेला. (गयानाची राजधानी जॉर्जटाउन, तिथल्या मरे स्ट्रीटचं नाव १९८५ मध्ये बदललं. आता ती क्वामिना स्ट्रीट आहे.)

ग्लॅडस्टननं यातून घेतलेला धडा असा: पाद्र्यांनी आणि लंडनच्या सुधारकांनी सुखी माणसांना भडकवलं.

त्या 'तीन दिवसां'वर मात्र थांबायला हवं. गुलामांना घरामागे भाजीपाल्याचा तुकडा, रविवारचा बाजार एवढं तुटपुंजं का होईना मिळत होतं. आणखी तीन दिवस म्हणजे स्वतःचं पीक, स्वतःची विक्री. तीन दिवसांची मजुरी मालकानं घ्यावी, पण उरलेला आठवडा माणसाचा असावा, असा तो शेतकऱ्याचा प्रस्ताव होता. साखरेच्या मळ्याला नेमकं तेच परवडत नव्हतं. गाळपाच्या मधे तीन दिवस माणसं नाहीत म्हणजे ऊस वाळला, रस आंबला, चुलाणं थंड.

यंत्र कुठे आणलं, कुठे नाही

१८३३ मध्ये मुक्तीच्या विधेयकावर चर्चा चालू असताना लॉर्ड हॉविक या खासदारानं संसदेत थेट व्रीड-एन-हूपचं नाव घेतलं. या मळ्यावर साखर वाढत गेली आणि माणसं कमी होत गेली, असा त्याचा आरोप. उत्तराला उभा राहिला ग्लॅडस्टनचा धाकटा मुलगा विल्यम, तेविशीचा नवा खासदार, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेला. ३ जूनच्या भाषणात त्यानं वडिलांची बाजू लढवली: मळ्यावर आफ्रिकेतून आलेले वयस्कर गुलाम जास्त आहेत, म्हणून मृत्यू जास्त दिसतात. वसाहतींत क्रौर्याच्या घटना घडल्या हे मात्र त्यानं शरमेनं मान्य केलं.

वयाचा मुद्दा पूर्ण खोटा नव्हता. पण साखर वाढत जाते आणि तेच हात म्हातारे होत जातात, तर वाढीचा भार कुणावर पडला, हा हॉविकचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

याच व्रीड-एन-हूपवर १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॅक्यूम पॅन बसवला गेला. कमी तापमानाला रस आटवणारं हे यंत्र त्या काळात अगदी पुढचं होतं, आणि वसाहतींतल्या मळ्यांवर ते इथेच सर्वांत आधी आलं असं मानतात. मोठ्या दाण्याची 'डेमेरारा साखर' बाजारात नाव कमावती झाली ती या तंत्रावर. म्हणजे हा मालक जुनाट विचारांचा नव्हता, नव्या तंत्रावर पैसा घालायला तयार होता. फक्त तो पैसा कारखान्याच्या छपराखाली गेला. शेतात फावडं आणि कोयता तसेच राहिले. निचऱ्याच्या चरांनी कापलेल्या, चिखलाच्या अरुंद वाफ्यांत बैल किंवा नांगर घालणं अवघड होतं हे खरं. पण माणूस आधीच विकत घेऊन ठेवलेला असताना त्याचे कष्ट कमी करण्यावर खर्च कोण करतो?

भरपाई

१ ऑगस्ट १८३४ पासून ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी रद्द झाली. मालकांना दोन कोटी पौंड भरपाई ठरली. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के. गुलामांना काही नाही. उलट त्यांना 'शिकाऊ' म्हणून आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तास फुकट राबायचं होतं; शेतावरच्यांसाठी ही मुदत १८४० पर्यंत. ओरड झाल्यावर ती १ ऑगस्ट १८३८ लाच सगळ्यांसाठी संपवली गेली.

जॉन ग्लॅडस्टनला नऊ मळ्यांवरच्या २,५०८ माणसांपोटी १,०६,७६९ पौंड मिळाले. भरपाई बाजारभावावर ठरत असल्यानं ब्रिटिश गयानात डोईमागे सरासरी पन्नास पौंडांच्या वर पडले, जमैकात वीसच्या आसपास. गयानात माणसाचा भाव चढा होता याचं कारण तिथली नवी, सकस माती आणि बंद झालेली आयात. या कोष्टकाइतका प्रामाणिक कागद मला या सगळ्या प्रकरणात दुसरा दिसला नाही. माणूस सुखात आहे की नाही यावर तिथे चर्चा नाही. तो किती साखर काढतो एवढंच आहे.

कलकत्त्याचं उत्तर

ग्लॅडस्टनचं पत्र गेलं ते शिकाऊगिरी चालू असताना, भरपाईचे व्यवहार होत असतानाच. जूनमध्ये उत्तर आलं. मजूर मिळायला अडचण नाही. आम्ही मॉरिशसला पाठवतो त्यांना कुठे जायचंय, प्रवास किती लांबचा आहे, याची काहीच कल्पना नसते. डोंगराळ मुलखातल्या 'धांगड' लोकांबद्दल त्यात असंही होतं की ते माणसापेक्षा माकडाला जवळचे समजले जातात, खाणं, पिणं, झोपणं याखेरीज त्यांच्या गरजा नाहीत. (हे धांगड म्हणजे छोटा नागपूरकडचे आदिवासी, आपल्याकडच्या धनगरांशी त्यांचा संबंध नाही.) कंपनीनं हे सगळं तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. ते मालाचे गुण म्हणून लिहिले आहेत. रविवारचा बाजार माहीत असलेला, चॅपेलमध्ये वाचायला शिकलेला, १८२३ आठवणारा मजूर ग्लॅडस्टनला नको होता, हे कलकत्त्यात बरोबर कळलं होतं.

१८३८ च्या जानेवारीत 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजं कलकत्त्याहून निघाली. ५ मे रोजी ३९६ माणसं ब्रिटिश गयानात पोचली. बायका मूठभर. त्यातली शंभराच्या आसपास माणसं ग्लॅडस्टनच्या मळ्यांवर गेली, बाकी इतर मालकांकडे. करार पाच वर्षांचा. मजुरी महिन्याला पाच रुपये आणि शिधा. तिथल्या सुटलेल्या मजुराला एवढे पैसे मिळवायला महिनाभर लागत नव्हता, आणि हेच या सौद्याचं मर्म. माणसं मार्चमध्ये समुद्रावर असतानाच लॉर्ड ब्रूमनं संसदेत या व्यवहारावर गुलामांच्या व्यापाराचा ठपका ठेवला होता.

व्रीड-एन-हूपवर काय चाललंय ते गुलामगिरीविरोधी चळवळीच्या जॉन स्कोबलनं १८३९ मध्ये जाऊन पाहिलं. माणसं पळून जात, पकडून आणली जात. फटके मारून जखमांवर मिठाचं पाणी चोळल्याच्या साक्षी निघाल्या. मजुरांची भाषा येणारा दुभाषाच त्यांना मारत आणि लुबाडत होता; चौकशीत तो दोषी ठरला. मालक अर्थातच चार हजार मैलांवर होता आणि त्याला कळवलं गेलं होतं की सगळं ठीक आहे.

पाच वर्षं भरली तेव्हा ३९६ पैकी २३६ जण परत गेले. साठ जण राहिले. उरलेले जवळपास शंभर जण मेले होते.

हिंदुस्थान सरकारनं मजूर पाठवणं मधल्या काळात थांबवलं होतं. मॉरिशसला ते १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालं, वेस्ट इंडीजला १८४५ पासून. मॉरिशसला मुंबई बंदरातूनही जहाजं जात. आज तिथे असलेल्या मराठी भाषकांचे पूर्वज त्या जहाजांतून गेलेले, त्यात कोकणातले बरेच. गयानाला मात्र माणसं मुख्यतः कलकत्त्याहून गेली, १९१७ पर्यंत सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार. ग्लॅडस्टननं तोवर केव्हाच डेमेरारातून अंग काढून पैसा रेल्वेत आणि इतरत्र वळवला होता. १८४६ मध्ये त्याला सरदारकीचा किताब मिळाला, १८५१ मध्ये तो वारला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या काही वंशजांनी जॉर्जटाउनला जाऊन माफी मागितली आणि गयाना विद्यापीठातल्या संशोधनासाठी एक लाख पौंड देऊ केले.

ज्यांनी बांध घातले होते, त्यांनी काय केलं

'सुटलेले गुलाम आळशी, काम करत नाहीत' ही मळेवाल्यांची तक्रार तपासायची तर सक्सेसच्याच किनाऱ्यावर थोडं पुढे जावं लागतं. नोव्हेंबर १८३९ मध्ये, म्हणजे पूर्ण सुटकेनंतर सव्वा वर्षात, ८३ जणांनी वर्गणी काढून नॉर्थब्रूक हा मोडकळीला आलेला मळा ३०,००० गिल्डरना विकत घेतला. साठवलेली नाणी त्यांनी ढकलगाड्यांतून नेली असं सांगतात. मळ्याचं नाव व्हिक्टोरिया झालं. पुढच्या वर्षी १२८ जणांनी आणखी एक मळा ५०,००० डॉलरला घेतला आणि त्याला बक्स्टनचं नाव दिलं. अशी गावं वाढत गेली. माणसं मळ्यावर कामालाही जात, पण मजुरी ठरवून, हवे ते दिवस. १८२३ मध्ये मागितलेले तीन दिवस त्यांनी विकत घेतले होते.

अडचण आली ती पाण्याची. बांध, चर, दरवाजे सगळ्यांनी मिळून राखायचे तर सतत पैसा आणि माणूसबळ हवं. आजूबाजूला मळे, आणि त्यांच्या निचऱ्यात गावाचं हित कुणी पाहत नव्हतं. गावं वरचेवर पाण्याखाली जात. सरकारनं बांधांना हातभार लावायचा की नव्या मजुरांची जहाजं आणायची, असा प्रश्न आला तेव्हा वसाहतीच्या तिजोरीतून जहाजांना पैसे गेले, आणि ती तिजोरी भरत होती गरिबांच्या खाण्यापिण्यावरच्या जकातीतून. म्हणजे आपली मजुरी पाडायला येणाऱ्या माणसांच्या भाड्याचा वाटा सुटलेले लोक स्वतःच्या पिठातून आणि खाऱ्या मासळीतून भरत होते. शिवाय १८५२ च्या कायद्यानं एकत्र मळा विकत घेणाऱ्यांची संख्या वीसवर आणली, आणि १८५६ मध्ये ती दहावर आली.